वीतभर अंतरावरचा चेहरा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नवजात बाळांविषयी जे लेख छापून येतात, त्यांत दोन विधाने मला वर्षानुवर्षे भेटत आली आहेत. एक म्हणजे, बाळाला पहिला महिनाभर काहीच दिसत नाही. आणि दुसरे म्हणजे, बाळ जन्मल्याबरोबर आपल्या आईचा चेहरा ओळखते. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींचा त्रास होतो तो नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला. पहिल्या विधानावर विश्वास ठेवणारे घर जागे आणि शांत असलेले बाळ छताकडे तोंड करून पाळण्यात तसेच पडू देते. दुसऱ्यावर विश्वास ठेवणारी आई तिसऱ्या आठवड्यात रडवेली होऊन विचारते, की हे माझ्याकडे बघत का नाही. प्रसूतिकक्षात आणि नवजात शिशूंच्या कक्षात मी तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले. निवृत्त झाल्यावर या विषयावरचे जे संशोधन वाचता आले ते मन लावून वाचले आणि इतक्या वर्षांत हाताळलेल्या बाळांशी ते ताडून पाहिले. त्या आधारावर हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, पण थोडक्यात सांगितल्यानेच ही दोन विधाने रुजली आहेत, असे मला वाटते.

जन्मानंतरचे पहिले रडे ओसरले की पहिल्या तासाभरात बहुतेक बाळे काही काळ अगदी टक्क जागी असतात. हातपाय सैलावलेले, कपाळावर बारीक आठी, पापण्या सुजलेल्या, पण डोळे उघडे. वरचा झगझगीत दिवा बाजूला वळवला आणि बाळाला दोन्ही हातांत धरून आपल्या तोंडासमोर वीतभर अंतरावर आणले, की त्याची नजर आधी इकडेतिकडे भिरभिरते आणि मग चेहऱ्याच्या एखाद्या कडेला, बहुतेक वेळा कपाळ आणि केस जिथे मिळतात तिथे, अडकते. त्यानंतर आपण आपले डोके अगदी सावकाश एका बाजूला नेले, तर बाळाचे डोळे मागोमाग येतात. ते सलग सरकत नाहीत. लहान लहान उड्या घेत, दर वेळी थोडे मागे पडत येतात. डोळे कोपऱ्याला पोचले की मग मानही वळू लागते. जी मान त्याला अजून सावरतासुद्धा येत नाही, ती चेहऱ्यामागे वळवण्याचा हा खटाटोप ज्याने एकदा जवळून पाहिला आहे, त्याला बाळाला काही दिसत नाही असे म्हणवणार नाही.

ही गोष्ट प्रयोगाने तपासली गेली ती १९७५ साली. गोरेन, सार्टी आणि वू या संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या ४० बाळांसमोर डोक्याच्या आकाराचे फलक धरले. एकावर डोळे, भुवया, नाक आणि तोंड जागच्या जागी रेखाटलेले होते, काहींवर तेच अवयव विस्कटून मांडलेले होते आणि एक कोरा होता. त्या बाळांचे मध्यक वय होते ९ मिनिटे. फलक हळूहळू बाजूला नेला तेव्हा नीट मांडलेल्या चेहऱ्यामागे बाळांनी डोळे आणि मान सर्वांत जास्त वळवली. जेमतेम नऊ मिनिटांच्या आयुष्यात चेहरा कसा असतो हे शिकून होणे शक्य नाही, म्हणून पुष्कळ अभ्यासकांना हा निष्कर्ष पटेना. मार्क जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोग पुन्हा केला आणि १९९१ साली प्रसिद्ध केला. मुख्य निष्कर्ष टिकून राहिला.

त्याच्याही आधी रॉबर्ट फँट्झ यांनी यासाठीची वाट मोकळी करून दिली होती. बाळाला विचारता येत नाही, पण ते कुठे आणि किती वेळ बघते हे मोजता येते, एवढ्या साध्या विचारावर त्यांचे सगळे काम उभे आहे. बाळाला एका पेटीवजा जागेत उताणे निजवायचे, वर चित्रे लावायची आणि एका लहान छिद्रातून त्याच्या डोळ्यांत बघायचे. ज्या चित्राचे प्रतिबिंब बाहुलीवर पडलेले दिसेल, त्या चित्राकडे बाळ बघत आहे. १९६३ साली त्यांनी दाखवून दिले, की पाच दिवसांच्या आतली बाळेसुद्धा साध्या रंगीत पृष्ठभागापेक्षा काळ्यापांढऱ्या आकृत्यांकडे अधिक वेळ बघतात. त्यापूर्वीचे चित्र किती वेगळे होते हे पाहायचे असेल तर चार्ल्स डार्विन यांनी आपल्या मुलाच्या बाळपणाच्या नोंदी १८७७ साली प्रसिद्ध केल्या, त्या पाहाव्यात. नवव्या दिवशी मुलाची नजर मेणबत्तीवर स्थिरावली आणि पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत दुसऱ्या कशावरही ती तशी स्थिरावली नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. इतक्या बारकाईने बघणाऱ्या माणसाच्याही नजरेतून चेहरा निसटला, याचे मला नवल वाटत नाही. मेणबत्ती दुरूनही दिसते. चेहरा दिसण्यासाठी तो बाळाजवळ न्यावा लागतो, आणि बाळ जागे असेल त्या थोड्याशा वेळातच न्यावा लागतो.

हे अंतर हा या विषयातला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा मुद्दा आहे. नवजात बाळाच्या दृष्टीची सूक्ष्मता प्रौढाच्या साधारण विसाव्या ते चाळिसाव्या हिश्श्याइतकीच असते. दृष्टीपटलाच्या ज्या मध्यबिंदूने आपण बारीक अक्षर वाचतो, तिथल्या पेशी त्याच्या डोळ्यात अजून आखूड आणि विरळ असतात. त्यामुळे खोलीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बाळाला एका फिकट डागापलीकडे काही असणार नाही. मात्र साधारण २० ते ३० सेंटिमीटरवर, म्हणजे आपल्या वीतभर किंवा थोड्या अधिक अंतरावर, चेहरा इतका मोठा होतो की धूसर नजरेलाही त्याची ठळक मांडणी पकडता येते. आईच्या छातीशी दूध पिणाऱ्या बाळापासून तिचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. पापण्यांचे केस, ओठांची रेष, गालावरचा तीळ यांतले काही बाळाला दिसत नाही. दिसतात ते डोळ्यांच्या जागचे दोन गडद डाग, खाली तोंडाचा एक, आणि भोवतीची केसांची कड.

आता मुख्य प्रश्न असा, की एवढ्यावर बाळ का खिळते. त्याच्या आत चेहऱ्याचे चित्र तयार असते, की चेहऱ्यात असे काही असते जे त्या डोळ्यांना सहज पेलते? यावर अभ्यासकांचे अजूनही एकमत नाही, आणि मला त्यांचा वाद फार मोलाचा वाटतो. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फ्रान्चेस्का सिमिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या आकृतीच्या वरच्या अर्ध्या भागात अधिक खुणा आणि खालच्या अर्ध्या भागात कमी, अशी आकृती नवजात बाळांना अधिक खेचते, मग ती चेहऱ्यासारखी असो वा नसो. खऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन त्यातले अवयव विस्कटले, पण वरचा भाग भरलेला ठेवला, तरी बाळांना ते छायाचित्र आणि नीट चेहरा यांच्यात निवड करता आली नाही. म्हणजे बाळ चेहऱ्याकडे बघते याचा अर्थ चेहरा ही कल्पना त्याच्याकडे आहे असा होत नाही; वरचा भाग भरलेला आहे एवढी खूणही त्याला पुरते.

तेवढ्यावर गोष्ट संपली असती, पण तेरेसा फारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली त्यात एक भर घातली. फिकट पार्श्वभूमीवर गडद ठिपके मांडून चेहरा केला तर बाळे सुलट चेहरा निवडतात. तोच चेहरा उलट रंगांत, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या ठिपक्यांनी केला, तर ती आवड नाहीशी होते. मांडणी तीच आहे, वरचा भाग तितकाच भरलेला आहे, तरीही. प्रकाश वरून किंवा समोरून पडलेल्या खऱ्या चेहऱ्यात डोळे आणि तोंड भोवतालच्या त्वचेपेक्षा गडदच असतात. शिवाय याच संशोधकांच्या २००२ सालच्या कामात असे आढळले होते, की दोन ते पाच दिवसांची बाळे नजर वळवलेल्या चेहऱ्यापेक्षा थेट आपल्याकडे बघणाऱ्या चेहऱ्याकडे अधिक वेळ बघतात. माणसाच्या डोळ्यातला पांढरा भाग इतर वानरकुळाच्या मानाने कितीतरी अधिक उघडा असतो, त्यामुळे आपण कुठे बघतो हे लांबूनही कळते. तेव्हा बाळाची ओढ नुसत्या भौमितिक मांडणीची नसावी, तिला माणसाच्या डोळ्यांची काही जाण असावी, या बाजूला मी झुकते. अर्थात ही जाण फार ढोबळ आहे, हे विसरून चालणार नाही.

या ढोबळपणाचे कारण समजून घेण्यासाठी कोंबडीच्या पिल्लांकडे जावे लागते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू जी हलती वस्तू समोर दिसेल तिच्यामागे जाते आणि तिचा ठसा त्याच्या मनावर पक्का होतो, हे अनेकांना ठाऊक असते. केंब्रिजमध्ये गॅब्रिएल हॉर्न आणि मार्क जॉन्सन यांना आढळले, की या ठशाच्या आधी आणखी एक गोष्ट घडते. काहीच न पाहिलेल्या पिल्लालाही डोके आणि मान असलेल्या आकाराची ओढ असते. तो आकार कोंबडीचाच हवा असे नाही. पेंढा भरलेल्या दुसऱ्या प्राण्याचा असला तरी चालतो. पिल्लाच्या मेंदूतला एक विशिष्ट भाग निकामी केला तर ठसा उमटण्याचे शिक्षण थांबते, पण ही आधीची ओढ तशीच राहते. म्हणजे बघायला लावणारी यंत्रणा वेगळी आणि शिकणारी वेगळी. जॉन मॉर्टन आणि जॉन्सन यांनी १९९१ साली हेच माणसाच्या बाळाला लावून पाहिले आणि या दोन यंत्रणांना कॉनस्पेक आणि कॉनलर्न अशी नावे दिली. पहिली जन्मतः काम करते, तिचा आधार मेंदूच्या खोल, जुन्या भागांत असावा, आणि तिचे काम एवढेच, की डोळे चेहऱ्याकडे वळवायचे. दुसरी मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे त्याच्या बाहेरच्या थरात, हळूहळू घडते आणि समोर वारंवार येणारे चेहरे शिकत जाते. पुढे २०१९ साली एक ते चार दिवसांच्या बाळांच्या मेंदूतील विद्युतलहरी तपासल्या गेल्या, तेव्हा चेहऱ्यासारख्या आकृतीला बाह्यकही प्रतिसाद देते असे दिसले. त्यामुळे दोन्हींमधली रेघ सुरुवातीला वाटली तितकी स्वच्छ नाही. तरी मूळ विचार मला पटतो, कारण कक्षात जे दिसत असे त्याचा उलगडा त्यातूनच होतो. बाळ चेहरा ओळखते म्हणून त्याकडे बघत नाही. त्याकडे बघत राहते म्हणून पुढे ओळखू लागते.

हा क्रम उलटा समजल्याने काय होते, ते मी एका आईच्या बाबतीत फार जवळून पाहिले. बाळ अठरा दिवसांचे होते आणि ती तपासणीसाठी आली होती. खुर्ची खिडकीला पाठ करून ठेवलेली, दुपारचे ऊन मागून येत होते. बाळ मांडीवर जागे होते. ती मला हळू आवाजात म्हणाली, ‘सिस्टर, हा माझ्या डोळ्यांत बघतच नाही हो. केसांकडे बघतो, नाहीतर माझ्या मागे खिडकीकडे. मी आवडत नाही का त्याला?’ घरात कुणीतरी तिला सांगितले होते, की बाळ आईला पहिल्या दिवसापासून ओळखते. मी खुर्ची फिरवली. ऊन तिच्या चेहऱ्यावर आले आणि बाळाच्या डोळ्यांवरून गेले. मग मी तिला बाळ थोडे उचलून जवळ घ्यायला सांगितले आणि काही न बोलता थांबायला सांगितले. पाचसहा श्वासांइतका वेळ काही झाले नाही. नंतर बाळाची नजर तिच्या केसांच्या रेषेवर आली, तिथून कानापाशी घसरली, परत वर गेली आणि कपाळ आणि भुवई यांच्या मधे थांबली. तिने बोलायला सुरुवात केल्यावर ती नजर थोडी खाली आली. मागून उजेड असलेला चेहरा हा बाळासाठी एक गडद आकार असतो. त्यात डोळे वेगळे उठूनच दिसत नाहीत. त्या बिचारीने अठराही दिवस याच खुर्चीसारख्या, उजेडाकडे पाठ असलेल्या जागी बसून दूध पाजले होते.

केसांकडे बघण्याचीही गोष्ट अशीच आहे. पहिल्या महिन्यात बाळाची नजर चेहऱ्याच्या बाहेरच्या कडेवर, केस आणि हनुवटी यांच्या रेषेवर रेंगाळते आणि दुसऱ्या महिन्यात ती आत, विशेषतः डोळ्यांकडे वळते, हे १९७६ सालापासून नोंदले गेले आहे. कडेवर रेंगाळणे म्हणजे डोळे मुळीच न दिसणे असे मात्र नव्हे. चार दिवसांची बाळे अनोळखी बाईपेक्षा आईच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ बघतात, हेही खरे आहे. पण ऑलिव्हिए पास्कालिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दोघींच्याही डोक्याला रुमाल बांधून केस झाकले, तेव्हा बाळांना आई निवडता आली नाही. म्हणजे त्या वयात आई ओळखली जाते ती बरीचशी तिच्या केसांच्या आणि डोक्याच्या आकारावरून. जे बाळ आपल्या डोक्यावरून पलीकडे बघते आहे असे वाटते, ते बहुधा आपल्याला पाठ करत असते.

आईचा आवाज बाळाला चेहऱ्याच्या कितीतरी आधी ओळखीचा असतो. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली दाखवले, की तीन दिवसांच्या आतली बाळे आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. २००५ सालच्या एका अभ्यासात तर असे आढळले, की जन्मानंतर ज्या बाळांना आईचा चेहरा दिसला पण तिचा आवाज ऐकू दिला गेला नाही, त्यांनी तिच्या चेहऱ्याला पसंती दाखवली नाही. पोटात असताना ऐकलेला आवाज ज्या चेहऱ्यातून येतो, तो चेहरा बाळ आपलासा करते. म्हणून मी आयांना नेहमी सांगत असे, की आधी बोल, मग त्याला बघू दे.

आणखी एक वळण असे आहे, ज्याची पूर्वसूचना कुणी देत नाही. जन्माच्या वेळी चेहऱ्यासारख्या आकृतीमागे डोळे आणि मान वळवण्याचा जो प्रतिसाद असतो, तो चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास क्षीण होतो. जुनी यंत्रणा मागे सरते आणि नवी अजून पुरती बसलेली नसते. याच काळात कितीतरी आया सांगतात, की आधी बघत होता, आता बघत नाही. त्यांच्या मनात मग स्वमग्नतेची भीती शिरते. त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. २०१३ साली जोन्स आणि क्लिन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या बाळांना पुढे स्वमग्नतेचे निदान झाले तीही दोन महिन्यांची असताना इतरांसारखीच डोळ्यांकडे बघत होती; घट दिसली ती दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान. पाच आठवड्यांच्या बाळाच्या नजरेवरून असला निष्कर्ष कुणीही काढू नये, घरच्या जाणत्या माणसानेही आणि आमच्यापैकी कुणीही. बहुतेक घरांत पुढच्या एकदोन आठवड्यांत पहिले खरे हसू येते आणि नजर डोळ्यांत स्थिरावू लागते.

बघण्याने किती शिकणे होते, याचा अंदाज पुढच्या काही महिन्यांवरून येतो. नवजात बाळ आपल्या वंशाच्या आणि परक्या वंशाच्या चेहऱ्यांत फरक करत नाही. तीन महिन्यांचे बाळ भोवती जे चेहरे पाहते त्यांनाच पसंती देते. तीनचार महिन्यांची बहुतेक बाळे स्त्रियांच्या चेहऱ्यांकडे अधिक बघतात, पण ज्यांना मुख्यतः वडिलांनी सांभाळले होते ती पुरुषांच्या चेहऱ्यांकडे अधिक बघत होती. अशी बाळे त्या अभ्यासात मोजकीच होती, तरी जे वडील ‘त्याला अजून काही कळत नाही’ असे म्हणून दाराशी उभे राहतात, त्यांनी हे वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. सहा महिन्यांची बाळे एका माकडाचा चेहरा दुसऱ्या माकडापासून वेगळा ओळखू शकतात आणि नऊ महिन्यांची ओळखू शकत नाहीत, असे २००२ साली दिसून आले. या वयात शिकणे म्हणजे जे समोर येत नाही ते सोडून देणेही असते.

चेहरे दिसलेच नाहीत तर? माणसाच्या बाळावर हा प्रयोग कुणी करू धजणार नाही. तो माकडांच्या पिल्लांवर झाला, आणि त्याविषयी वाचताना मला बरे वाटले नाही, तरी त्यातून जे कळले ते टाळता येत नाही. जपानमध्ये योइची सुगिता यांनी पिल्लांना सहा ते चोवीस महिने एकही चेहरा दिसू दिला नाही. सांभाळणारी माणसे तोंड झाकून वावरत. त्यानंतरही पिल्लांनी चेहऱ्यांनाच पसंती दिली आणि चेहरे दिसू लागल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ज्या जातीचे, माणसाचे किंवा माकडाचे, चेहरे दिसले त्यांतच ती तरबेज झाली. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. २०१७ साली हार्वर्डमध्ये आर्कारो, लिव्हिंगस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळेच आढळले. चेहरा न पाहता वाढलेल्या माकडांच्या मेंदूत चेहऱ्यांसाठीची केंद्रे तयारच झाली नव्हती आणि ती चेहऱ्यांऐवजी हातांकडे अधिक बघत होती. दोन्ही निष्कर्ष पूर्णपणे जुळत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे जन्मजात ओढ ही हलकी असते, आणि तिच्या जोरावर काय उभे राहील हे समोर कोण येते यावर अवलंबून असते.

म्हणूनच आमच्या रुग्णालयात पूर्वी जे होत असे त्याची मला अजून खंत वाटते. बाळ जन्मले की वजन, पुसणे, नाळ, पट्टी, सुई असे एकामागून एक चालायचे आणि मग ते उबेच्या दिव्याखाली एकटे ठेवले जायचे. जागेपणाचा तो पहिला तास ते दिव्याकडे डोळे मिचकावत घालवायचे आणि आईकडे दिले जायचे तेव्हा झोपलेले असायचे. मीही ते शेकडो वेळा केले आहे. निरोगी बाळ जन्मताच आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि त्यात खंड पडू देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आता आहे, आणि तिचा उद्देश ऊब आणि स्तनपान हा असला तरी चेहराही त्यातच येतो. आता अडथळा दुसरा आहे. बाळाने डोळे उघडले की चार हात पुढे येतात आणि प्रत्येकात मोबाइल असतो. ज्या वीतभर जागेत चेहरा असायला हवा तिथे एक काळी चौकट उभी राहते आणि तिच्यामागचे माणूस बाळासाठी नाहीसे होते. एका नव्या बापाला मी मोबाइल खाली ठेवायला सांगितले होते, तेव्हा तो म्हणाला, ‘सिस्टर, ही आठवण राहील.’ फोटो जरूर काढावा, पण एक काढून झाल्यावर मोबाइल खिशात जावा आणि तोंड पुढे यावे. काळ्यापांढऱ्या चित्रांची कार्डे विकत आणण्याचीही गरज नाही. बाळ त्यांच्याकडे बघेल, यात शंका नाही, पण कार्ड त्याच्याकडे परत बघणार नाही, आणि बाळाने मान वळवली तर थांबणार नाही. बाळ मान वळवते तेव्हा ते दमलेले असते. त्या वेळी आपण आपला चेहरा त्याच्यामागे नेऊ नये.

ज्यांची बाळे मुदतीआधी जन्मतात आणि आठवडेच्या आठवडे काचेच्या पेटीत असतात, त्या आयांना हे वाचून धास्ती वाटू नये. अशी बाळे पेटीतून बाहेर आल्यावर चेहरे शिकताना मी पाहिली आहेत. मात्र डोळ्यात उजेडच शिरत नसेल तर गोष्ट निराळी होते. ल ग्रां, मॉन्डलॉक, मॉरर आणि ब्रेंट यांनी २००१ साली अशा व्यक्ती तपासल्या, ज्यांना जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि पहिल्या दोन ते सहा महिन्यांत उपचार होऊन त्यांची दृष्टी सुरू झाली होती. त्यानंतर किमान नऊ वर्षे त्या चेहरे बघत आलेल्या होत्या. तरीही दोन चेहऱ्यांत डोळ्यांमधले किंवा डोळे आणि तोंड यांमधले अंतर तेवढे वेगळे असेल, तर तो फरक त्यांना इतरांइतका ओळखता येत नव्हता. त्या सुरुवातीच्या थोड्या महिन्यांतली उणीव पुढच्या नऊ वर्षांनीही भरून निघाली नव्हती.

जन्मजात मोतीबिंदू क्वचित आढळतो, पण तो आई-बापांच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो, आणि पहिल्या दोन महिन्यांच्या आत उपचार होण्याला फार महत्त्व आहे. तो शोधण्याची तपासणी अगदी साधी आहे: अंधाऱ्या खोलीत बाळाच्या डोळ्यांवर उपकरणातून प्रकाश टाकायचा आणि दोन्ही बाहुल्यांतून सारखी लालसर चमक परत येते का ते पाहायचे. तिला मिनिटभरही लागत नाही आणि बाळाला काही दुखत नाही. घरी जाण्यापूर्वी ही तपासणी झाली का, हे प्रत्येक आई-बापाने विचारावे आणि झाली नसेल तर करून मागावी. नंतर घरी कधी बाहुली पांढरट दिसली, फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी चमक आली, डोळे सतत थरथरत राहिले, किंवा बाळ तीन महिन्यांचे होऊनही जवळच्या चेहऱ्यावर नजर ठरत नसेल, तर पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबू नये. आपल्या पुरवणीत नवजात बाळाविषयी पुन्हा काही छापाल तेव्हा एवढा मजकूर ठळक चौकटीत द्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
नवजात शिशू कक्षातील एक निवृत्त परिचारिका